बाहेर डिस्प्ले बदलला म्हणून वॉरंटी बुडाली का?

प्रश्न: मी गडहिंग्लजला घरी ब्लाऊज शिवते. ऑर्डरी, मापं, पैसे सगळं मोबाईलवर. हा मोबाईल २१,९९९ रुपयांना ऑनलाइन घेतला, एक वर्षाची वॉरंटी होती. आठव्या महिन्यात पडून काच फुटली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात, जाऊन येऊन दिवस मोडतो, म्हणून इथल्या दुकानात २,८०० रुपयांत डिस्प्ले बदलून घेतला. अकराव्या महिन्यात चार्जिंगच बंद पडलं. सेंटरवाल्यांनी झाकण उघडलं आणि म्हणाले, "बाहेर उघडलाय, वॉरंटी बाद. मदरबोर्डाचे ११,८०० होतील." दुकानदार म्हणतो, चार्जिंगचा आयसी (बोर्डावरची छोटी चिप) गेलाय, १,२०० त करून देतो. मोबाईल अजून सेंटरमध्येच आहे. तपासणीचे ३५४ रुपये भरल्याशिवाय परत देत नाहीत. 'राइट टू रिपेअर', म्हणजे दुरुस्तीचा हक्क, आता आपल्याकडेही आला ना? केस होईल का?

ताई, केस होते. फक्त 'राइट टू रिपेअर' या नावाने होत नाही. हे तीन शब्द तक्रारीत ठळक लिहून आणणारे हल्ली बरेच भेटतात, आणि समोरचा वकील उठून पहिला प्रश्न विचारतो: "कोणतं कलम?" तसा स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालेला नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. मोबाईल दुरुस्तीला किती सोपा, याचे गुण विकतानाच गिऱ्हाइकाला दिसावेत, अशी शिफारस दुसऱ्या एका समितीने मे २०२५ मध्ये केली. शिफारस चांगलीच आहे, पण तिच्या जोरावर ग्राहक आयोगाकडे आदेश मागता येत नाही. आणि स्क्रूवरची 'वॉरंटी व्हॉइड'ची चिकटपट्टी बेकायदा आहे असं सांगणारे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याबद्दल असतात. तो गडहिंग्लजला लागत नाही.

आपलं हत्यार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, आणि सेवेतील त्रुटी हा त्यातला जुनाच मुद्दा. कंपनी वॉरंटीच्या अटी दाखवेल: 'अनधिकृत व्यक्तीने उपकरण उघडल्यास वॉरंटी रद्द.' अट छापलेली आहे, ती नाकारू नका. आपण एवढंच विचारायचं, की डिस्प्ले बदलल्यामुळे चार्जिंग कसं गेलं ते दाखवा. पडून फुटलेली काच वॉरंटीत मुळात बसतच नव्हती. ती सेंटरमध्ये बदलली असती तरी पैसे तुमचेच गेले असते. म्हणजे बाहेर जाऊन तुम्ही कंपनीचं काही बुडवलेलं नाही. बिघाड वॉरंटीच्या मुदतीत झाला हे तुम्ही दाखवायचं; तो बाहेरच्या कामामुळे झाला असं जर कंपनीचं म्हणणं असेल, तर ते तिने सिद्ध करायचं. 'झाकण उघडलेलं दिसलं' यावरून फक्त झाकण उघडल्याचंच सिद्ध होतं.

याला आधार म्हणून एक जुना निकाल जोडा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ दिले जात नव्हते, हे त्याचं मुख्य कारण. त्याच आदेशात आयोगाने म्हटलं, की बाहेरच्या मेकॅनिककडे गेला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द, अशी अट लावू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली. शिवाय तो खटला गाड्यांचा, मोबाईलचा नाही, आणि ग्राहक आयोगावर तो बंधनकारक नाही. तरी त्यातला तर्क इथे जसाच्या तसा बसतो, म्हणून युक्तिवादात मी तो नेहमी मांडते.

आता तुमची कमजोर बाजू. बॅटरीचं कनेक्टर न काढता डिस्प्ले बसवला, तर बोर्डावर शॉर्ट होऊ शकतो. हलक्या प्रतीचा डिस्प्ले, दाबली गेलेली पट्टी, झाकण नीट न चिकटल्याने आत गेलेला ओलावा, यातलं काहीही कंपनी पुढे करेल. सिमच्या खाचेजवळ बहुतेक फोनमध्ये एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की लाल होतो. मोबाईल हातात आला की आधी तो बघा आणि त्याचा फोटो काढा. मग दुकानदाराला स्पष्ट विचारा: काम कसं केलं, कोणता डिस्प्ले टाकला, आणि आत्ताचा दोष त्याच्या कामाशी जोडलेला नाही असं तो शपथपत्रावर लिहून देईल का? सेंटरमध्ये बोर्डावरचा आयसी सहसा कुणी बदलत नाही, अख्खा बोर्डच बदलतात. ११,८०० आणि १,२०० मधलं अंतर बरंचसं तिथून येतं. हे सांगणारा जाणकार साक्षीदार म्हणून दुकानदार तुमच्या कामाचा आहे. त्यालाही कंपनीच्या जोडीला सामनेवाला क्रमांक २ (म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तो) करा, असं काही वकील सांगतील. मी पहिल्याच दिवशी तसं करणार नाही, कारण मग तो तुमच्याविरुद्ध बोलायला लागेल. पण सहीला तो का-कू करायला लागला, तर तक्रार कोणावर करायची याचा पुन्हा विचार करावा लागेल.

त्याच्याकडून २,८०० चं तारीख घातलेलं बिलही घ्या. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून देणं म्हणजे बिल नव्हे. बिल न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याला गोडीत सांगा.

मोबाईल इतक्यात दुरुस्त करून घेऊ नका. हे ऐकायला जड जाईल, कारण धंदा त्यावर चालतो. पण आयसी एकदा बदलला की मूळ दोषाचा पुरावा संपला. दोष काय हे कळायला ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासायला पाठवू शकतो (त्याची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते), आणि तेव्हा आतलं सगळं सेंटरने परत दिलं तसंच असायला हवं. महिना-दोन महिने दुसऱ्या फोनवर भागत नसेल तर सरळ १,२०० द्या, मोबाईल चालू करा आणि भांडण विसरा. त्यातही काही कमीपणा नाही. मी स्वतः कदाचित तेच केलं असतं.

लढायचं असेल तर सगळा भार जॉबशीटवर, म्हणजे मोबाईल जमा केल्याच्या सेंटरच्या कागदावर आहे. तारीख अकराव्या महिन्याची आहे ना, ते पाहा. वर्षाच्या आत तक्रार नोंदली याचा तोच पुरावा. वॉरंटी का नाकारली, ते त्यांच्याच हातचं त्यावर लिहून घ्या. तोंडी 'बाद' चालणार नाही. लिहीत नसतील तर काउंटरवरूनच कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर ईमेल टाका: अमुक जॉबशीट, आज तोंडी असं सांगितलं, लेखी कारण द्या. ३५४ रुपयांसाठी तिथे हुज्जत घालू नका. भरा, पावतीवर 'हक्क राखून भरले' असं लिहून सही करा आणि मोबाईल घेऊन या. ती रक्कम तक्रारीत मागू.

मग १९१५ वर नोंद करा. ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिला आदेश देता येत नाही, पण तिच्या पत्राने पुष्कळ कंपन्या हलतात. सोबत कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. तरीही हालचाल नाही तर कोल्हापूर जिल्हा ग्राहक आयोग. लोक त्याला अजून 'मंच' म्हणतात. तुम्ही जिल्ह्यात राहता म्हणून कंपनीचं ऑफिस कुठेही असलं तरी तक्रार तिथेच चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ऑनलाइन दाखल होते, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. कंपनीला कैफियत (लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ही मर्यादा पक्की केली आहे, तेव्हा ४५ वा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त धरून चाला.

'बाई व्यवसायासाठी फोन वापरतात, त्या ग्राहकच नाहीत' असा मुद्दा हमखास येईल. घाबरू नका. स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरात धरली जात नाही. तक्रारीत 'मी एकटी शिवते, कामाला कोणी नाही' हे खरं असेल तर पहिल्याच परिच्छेदात घाला.

अन्यायकारक करार म्हणून वॉरंटीची ती अटच रद्द करून घ्यायची, तर तो अधिकार जिल्हा आयोगाला नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. २२ हजारांच्या मोबाईलसाठी मी तुम्हाला तिकडे पाठवणार नाही. मागणी साधी ठेवा: विनामूल्य दुरुस्ती, नाहीतर तिचा खर्च, ३५४ रुपये, त्रासापोटी माफक रक्कम, तक्रारीचा खर्च. मोबाईल २२ हजारांचा आणि मनस्ताप पाच लाखांचा लिहिला, की आयोगाला बाकीच्या तक्रारीचाही संशय यायला लागतो.

कोल्हापूरला मोबाईल आणायला जाल तेव्हा जॉबशीटच्या मागच्या बाजूचीही झेरॉक्स काढा. बारीक अक्षरातल्या अटी तिथेच असतात, आणि तुमची सही त्यांच्याच खाली आहे.