युती: 'युज्' नव्हे, 'यु'

प्रश्न असा आहे: संध्याकाळी शुक्र आणि गुरू शेजारी दिसतात त्याला 'युती' म्हणावं की 'एका रेषेत आले' म्हणावं? आणि किती जवळ आले म्हणजे युती?

'एका रेषेत' कृपा करून म्हणू नका. कोणत्याही दोन बिंदूंतून रेषा जातेच, त्यात बातमी कसली? 'ग्रहांची भेट' हेही चूकच. 21 डिसेंबर 2020 ला गुरू-शनी जेमतेम 6 कलांवर (1 कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दिसले, चंद्रबिंबाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या अंतरावर. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये 70 कोटी किलोमीटरांहून जास्त अंतर होतं.

राजकारणातली युती सगळ्यांना ठाऊक आहे, ती सोडू. खरी मौज संस्कृत धातूत, म्हणजे शब्दाच्या क्रियावाचक मुळात आहे. युती 'युज्' (जोडणे) या धातूपासून आली असं बिनदिक्कत सांगितलं जातं. पण 'युज्'ला 'ति' प्रत्यय लागला की युक्ती होते, युती नव्हे! युती 'यु'पासून, आणि धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, 'यु'चे अर्थ देतो मिश्रण आणि अमिश्रण (वेगळं करणं), दोन्ही. वैशेषिक दर्शनातल्या तत्त्वज्ञांचा 'अयुतसिद्ध' हा शब्द पाहा: तंतू आणि वस्त्र यांच्यासारखं, एकमेकांपासून वेगळं न राहू शकणारं. म्हणजे तिथला 'युत' हा वेगळा असलेला. पाश्चात्त्य कोशकार इथे दोन निराळे धातू मानतात. मला ती फोड अनावश्यक वाटते. दिसायला जोडलेले आणि असायला विभक्त, अशा ग्रहांना याहून नेमका शब्द कुठला मिळणार?

सूर्यसिद्धान्त या खगोलशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात ग्रहयुतीवर स्वतंत्र अधिकारच (अध्याय) आहे. तिथे पंचताराग्रहांमधलं (बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी) अंतर एका अंशाहून कमी असेल तर युद्ध, जास्त असेल तर समागम. चंद्राशी होतो तो समागमच, आणि सूर्याशी अस्तमन (सूर्यतेजात लोपणं). आजच्या व्याख्येत मात्र अंतराची अट नाही: दोघांचे भोग (सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाच्या दिशेने मोजलेलं स्थान) किंवा विषुवांश (आकाशाच्या विषुववृत्ताच्या दिशेने मोजलेलं स्थान) सारखे झाले की युती. म्हणून ग्रह सर्वांत जवळ दिसण्याचा क्षण आणि युतीचा क्षण यांत काही तासांचा फरक पडू शकतो.

पाहताना हात लांब करून करंगळी धरा, तिची रुंदी साधारण 1 अंश. शुक्र सूर्यापासून सुमारे 47 अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे त्याची संध्याकाळची युती पश्चिमेलाच शोधायची, सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. फार थांबलात तर ग्रह क्षितिजावरच्या धुरकटात बुडतात. 7×50 च्या (7 पट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिमी भिंगांच्या) दुर्बिणीत साधारण 7 अंशांचं आकाश मावतं, पण सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय ती डोळ्याला लावू नका.