ड्राफ्टला पसंतीक्रम भरता येत नाही

प्रश्न: आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीटला राहतो. मुलगा ऑक्टोबर २०१० चा, सध्या इयर टेनला आहे. नऊ वर्षांचा असल्यापासून फुटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) खेळतो, उन्हाळ्यात क्रिकेटमध्ये फास्ट बोलिंग टाकतो. उंची १७७ सेंमी. पळतो छान, पण डाव्या पायाने किक जवळजवळ मारतच नाही. यंदा कोच म्हणाले, ‘टॅलेंट लीगवाले (होतकरू तरुण खेळाडूंची लीग) याला बघून गेलेत.’ तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एक खासगी अकादमी ‘एएफएल रिक्रूटमेंट पॅकेज’चे (एएफएल म्हणजे फुटीची राष्ट्रीय व्यावसायिक लीग) अडीच हजार डॉलर मागते आहे. आई-वडील भारतात जन्मलेले असले की कोटा मिळतो, असं एक ओळखीचे सांगतात. शाळा बदलावी का? आणि साताऱ्याहून सासरे दर रविवारी विचारतात, ‘इंजिनिअरिंगचं काय?’ – एक आई

उत्तर: आधी पैशांचं. ते अडीच हजार देऊ नका. टॅलेंट लीगच्या संघात जागा विकत मिळत नाही आणि एएफएलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, तर नाहीच. तुमच्या भागातली मुलं टॅलेंट लीगच्या वेस्टर्न जेट्स या संघाकडे जातात. जेट्सची माणसं लोकल क्लबांचे सामने बघतात, कोचना विचारतात आणि मुलांना चाचणीला बोलावतात. हे बोलावणं फुकट असतं आणि त्यात मध्यस्थ नसतो. किकिंग सुधारायला तासाच्या हिशोबाने चांगला कोच लावलात तर ते वेगळं, तो खर्च समजण्यासारखा आहे. पण पावतीवर ‘रिक्रूटमेंट’ हा शब्द दिसला की पाकीट खिशात ठेवा.

आता तारखांचा हिशोब, कारण बऱ्याच घरांत तो चुकतो. नॅशनल ड्राफ्ट नोव्हेंबरमध्ये होतो आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला १८ पूर्ण व्हावी लागतात. तुमचा मुलगा ऑक्टोबर २०२८ मध्ये अठरा पूर्ण करेल, म्हणजे त्याचा ड्राफ्ट २०२८ चा. तो तीन महिने उशिरा, जानेवारी २०११ मध्ये जन्मला असता तर २०२९ चा झाला असता. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलं आपल्या गटात सगळ्यात लहान असतात. जानेवारीतल्या मुलासमोर पंधराव्या वर्षी नऊ-दहा महिन्यांचा फरक खांद्यांत आणि मांड्यांत चांगलाच दिसतो. मुलगा टॅकलमध्ये (समोरच्याला धरून अडवण्यात) मागे पडत असेल तर ‘जोर कमी आहे’ असं लगेच ठरवू नका. अनुभवी रिक्रूटर जन्मतारीख बघूनच खेळ बघतो. यंदा अंडर-१६ चं वर्ष, २०२७ अंडर-१७ चं आणि २०२८ ड्राफ्टचं. तेच त्याचं इयर ट्वेल्व्ह. हे दोन्ही एकाच वर्षात आले आहेत, तो पेच पुढे सोडवू.

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय, हे साताऱ्याला समजावून सांगायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा दाखला द्या. तिथे विद्यार्थी कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो आणि मेरिटप्रमाणे जागा मिळते. इथे अगदी उलट आहे. पसंतीक्रम क्लबांकडे असतो, मुलाकडे नसतो. १८ क्लब पाळीपाळीने मुलं निवडतात, आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्याची पाळी आधी (क्लब आपापसात या पाळ्यांची देवाणघेवाण करतात, ते सोडा). टास्मानिया २०२८ मध्ये १९ वा संघ म्हणून उतरणार असं ठरलं आहे. एखाद्या मुलाला पर्थच्या फ्रीमँटलने उचललं तर त्याला पर्थला जावं लागतं. ‘नको, मला मेलबर्नचाच क्लब हवा’ असं म्हणता येत नाही. म्हणजे अठराव्या वर्षी, बारावीची परीक्षा संपल्यावर काही दिवसांत, मुलगा चार तासांच्या विमानप्रवासावर राहायला जाऊ शकतो. त्याला डाळ-भात लावता येतो का, कपडे धुता येतात का, हा इथे घरकामापुरता प्रश्न नाही. क्लबची माणसं घरी भेटायला येतात तेव्हा तेही बघतात.

पूर्ण ऑस्ट्रेलियातून नॅशनल ड्राफ्टमध्ये वर्षाला साधारण साठ-सत्तर मुलं निवडली जातात. टॅलेंट लीगमध्ये एकट्या व्हिक्टोरिया राज्याचे बारा संघ आहेत. प्रत्येकात वीस-बावीस जण मैदानात उतरतात म्हटलं तरी एका शनिवार-रविवारी अडीचशेच्या आसपास मुलं झाली. शिवाय साउथ आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या लीगमधली मुलं आणि मोठ्यांच्या लीगमधून पुन्हा प्रयत्न करणारे. हा आकडा मुलाला घाबरवायला वापरू नका. सासऱ्यांना मात्र जरूर सांगा, त्यांचा मुद्दा बरोबर आहे.

‘बघून गेलेत’ याचा अर्थ पंधराव्या वर्षी एवढाच असतो की नाव वहीत आलं. अजून कोणी निवडत नसतं, माहिती गोळा होत असते. आणि ती माहिती फक्त गोलांची नसते. मार्क (किकचा झेल) सुटल्यावर मुलगा डोकं धरून उभा राहतो की लगेच चेंडूच्या मागे पळतो, बॉल आपल्याकडे नसताना कुठे उभा असतो, कोचने बाहेर काढल्यावर बेंचवर कसा बसतो, हे सगळं लिहिलं जातं. बाउंड्रीवर आई-बाबा अंपायरवर ओरडत असतील तर तेही. म्हणूनच निवडक क्षणांचा व्हिडिओ बनवायला पैसे घालू नका. रिक्रूटरला पूर्ण सामना बघायचा असतो, चुकांसकट.

१७७ सेंमी ही उंची अजून ठरलेली नाही, पण घरातली माणसं बघून अंदाज बांधा. एएफएलमध्ये रकमन (वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणारा) दोन मीटरच्या आसपास असतो, मोठे फॉरवर्ड आणि बॅक साधारण १९० च्या वर. १८० च्या आसपास थांबणाऱ्या मुलाची जागा विंग (मैदानाची कड), हाफ-बॅक (बचावातून चेंडू पुढे नेणारा) किंवा स्मॉल फॉरवर्ड (गोलजवळचा चपळ खेळाडू). या जागांवर वेग आणि अचूक किक यांवरच निवड होते. आणि इथे तुम्ही स्वतःच लिहिलेली अडचण येते: डावा पाय. एकाच पायाने खेळणाऱ्याला प्रतिस्पर्धी दोन सामन्यांत ओळखतात आणि त्याला चुकीच्या बाजूला ढकलत राहतात. मग तो वळायला एक पाऊल जास्त घेतो आणि त्या पावलात टॅकल होतो.

चूक पायात कमी आणि हातात जास्त असते. डाव्या पायाची ड्रॉप पंट (हातातून सोडलेला चेंडू जमिनीला लागण्याआधी मारायची किक) मारायची तर चेंडू डाव्या हाताने सोडावा लागतो. उजव्या हाताची सवय असलेली मुलं डाव्या पायाच्या किकलाही उजव्यानेच सोडतात. चेंडू शरीरासमोरून आडवा जातो, पावलाच्या कडेला लागतो आणि भिरभिरत बाजूला पळतो. लांबट चेंडू डाव्या मांडीच्या समोर, बोटं शिवणीच्या बाजूंना पसरून, उभा धरायचा. उजवा हात फक्त आधाराला, तो आधी सुटतो. मग डावा हात चेंडू खाली नेऊन सोडतो. वर उडवायचा नाही, नुसता सोडायचा, जितका खालून सुटेल तितकं चांगलं. पाऊल ताणलेलं, बुटाच्या लेसच्या जागेने तळाला लागेल असं. बरोबर बसली की चेंडू उलटा फिरत सरळ जातो. रोज तीस किक, पंधरा ते वीस मीटरवर, भिंतीकडे किंवा भावंडाकडे. पहिले सहा आठवडे लांब मारायचीच नाही. लांब मारायला गेलं की ड्रॉप पुन्हा बिघडतो. हँडबॉलही (मुठीने दिलेला पास) दोन्ही हातांनी: एका तळहातावर चेंडू, दुसऱ्या हाताची मूठ. हातातून भिरकावला तर फ्री किक समोरच्या संघाला.

पळण्याचं सांगायचं तर ड्राफ्ट कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) २० मीटर स्प्रिंट, जागेवरची आणि धावत येऊन मारलेली उंच उडी, वळणांची ॲजिलिटी चाचणी आणि २ किलोमीटरची धाव असते. २० मीटर तीन सेकंदांच्या आत आलं तर रिक्रूटर मान वर करून बघतो. २ किलोमीटरमध्ये मुलं पहिल्या चारशे मीटरमध्येच स्वतःला संपवून टाकतात. आत्ता त्याला सात मिनिटांचं लक्ष्य द्या: ४०० मीटरच्या ट्रॅकवर पाच फेऱ्या, प्रत्येक ८४ सेकंदांची. पहिली फेरी ७५ मध्ये आली तर शाबासकी देऊ नका. फेऱ्या सारख्या पडू लागल्या की मग साडेसहा मिनिटं, फेरीला ७८ सेकंद.

फास्ट बोलिंग आणि फुटी एकत्र ही काळजीची गोष्ट आहे. वाढत्या वयात कंबरेच्या मणक्याला वारंवार पीळ आणि मागे वाकण्याचा ताण पडला की तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर होऊ शकतं. क्रिकेट मार्चमध्ये संपतं आणि फुटीची तयारी त्याआधीच सुरू झालेली असते, म्हणजे शरीराला सुट्टीच नाही. आठवड्यात एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा आणि एका वेळी एकाच खेळाचं ओझं वाढवा. बोलिंग करताना एका बाजूला कंबर दुखते असं म्हणाला तर ‘चालतंय’ म्हणू नका, स्पोर्ट्स फिजिओला दाखवा. डोक्याला मार लागून कन्कशन झालं तर कम्युनिटी फुटीत किमान २१ दिवस सामना नाही. ‘महत्त्वाची मॅच आहे’ म्हणून त्यातून सूट मागू नका.

खाण्याबद्दल फार घाबरू नका. सामन्याआधी अडीच-तीन तास पोहे किंवा टोस्ट-अंडं उत्तम चालतं. शाकाहारी असाल तर लोह आणि बी-१२ एकदा तपासून घ्या. मात्र भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतली ‘ताकदीची’ पावडर, मग ती आयुर्वेदिक असो वा जिमवाली, घरात ठेवू नका. एसेन्डन क्लबच्या सप्लिमेंट प्रकरणात २०१६ च्या जानेवारीत ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी आली. ‘आम्हाला काय दिलं ते माहीत नव्हतं’ हे म्हणणं तिथे टिकलं नाही.

कोट्याची गोष्ट अर्धवट खरी आहे. कोटा नाही, नेक्स्ट जनरेशन अकादमी आहे. २०१६ पासून क्लबांना ठरवून दिलेल्या भागांत आदिवासी आणि बहुसांस्कृतिक पार्श्वभूमीच्या मुलांसाठी अशा अकादम्या आहेत. मुलगा त्या अकादमीचा असेल आणि दुसऱ्या क्लबने ड्राफ्टमध्ये त्याच्यावर बोली लावली, तर अकादमीचा क्लब आपल्या पाळ्यांना ठरवून दिलेले गुण खर्च करून तो मुलगा स्वतःकडे घेऊ शकतो. २०२० मध्ये वेस्टर्न बुलडॉग्सच्या अकादमीतल्या जमारा उगल-हेगनवर ॲडलेडने पहिल्याच पाळीला बोली लावली आणि बुलडॉग्सने ती जुळवून त्याला घेतलं. म्हणजे फायदा झालाच तर क्लबला होतो, आणि तोही मुलगा बोली लावण्याच्या दर्जाचा असेल तरच. मुलाला यातून चांगलं प्रशिक्षण मिळतं, ते घ्यावंच. पण हे नियम बरेचदा बदलतात. तुमचा पत्ता कोणत्या क्लबच्या भागात येतो आणि पालकांच्या जन्मस्थानाची अट आज काय आहे, हे क्लबकडून ईमेलवर मागा.

एजंटचे फोन पुढच्या वर्षी येऊ शकतात. एएफएल प्लेअर्स असोसिएशनची मान्यता आहे का हे आधी तपासा. शिवाय नव्या मुलाचा पहिला पगार सामूहिक करारात ठरलेला असतो. ‘मी जास्त मिळवून देतो’ म्हणणारा त्यात काही करू शकत नाही.

शाळा बदलण्याची घाई करू नका. पूर्वेकडच्या मोठ्या खासगी शाळा फुटीसाठी स्कॉलरशिप देतात, पण हंगामात शनिवार शाळेच्या संघाचा असतो आणि टार्नीटहून रोजचा प्रवास मुलाची झोप खातो. तुमच्या बाजूला मॅरिबर्नाँग कॉलेजची स्पोर्ट्स अकादमी आहे. ती सरकारी शाळा आहे आणि प्रवेश चाचणीने मिळतो. चौकशी करायचीच तर तिथे करा. मुलगा आहे त्या शाळेत खूश असेल तर जेट्सला त्याची शाळा कोणती याने फरक पडत नाही.

आता २०२८ चा पेच. कम्बाइन ऑक्टोबरच्या सुरुवातीला, व्हीसीईच्या (व्हिक्टोरियाच्या बारावीच्या) लेखी परीक्षा ऑक्टोबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, त्यामागोमाग ड्राफ्ट. यावर उपाय आत्ताच करता येतो: इयर इलेव्हनमध्येच एक-दोन विषयांचे युनिट ३ आणि ४ (म्हणजे बारावीच्या पातळीचा भाग) उरकून टाकायचे, म्हणजे शेवटच्या वर्षी विषय कमी राहतात. व्हीसीई तीन वर्षांत विभागूनही करता येते. इंजिनिअरिंगचं दार उघडं ठेवायचं असेल तर मॅथेमॅटिकल मेथड्स सोडू देऊ नका, तो विषय नंतर जोडणं अवघड जातं. विषयनिवड याच वर्षी होते, त्यामुळे शाळेतल्या करिअर काउन्सिलरची वेळ याच टर्ममध्ये घ्या आणि मुलाला सोबत न्या.

अठराव्या वर्षी नाव पुकारलं गेलं नाही तर? टॅलेंट लीगमध्ये मोजक्या १९ वर्षांच्या मुलांना जागा असते, त्यानंतर व्हीएफएल (एएफएलच्या खालची मोठ्यांची लीग) आहे. टॉम स्टुअर्टला जीलाँगने २०१६ च्या ड्राफ्टमध्ये घेतलं तेव्हा तो २३ वर्षांचा होता. मार्लियन पिकेटला रिचमंडने २०१९ मध्ये हंगामाच्या मधल्या ड्राफ्टमधून घेतलं आणि त्याने पहिला एएफएल सामना त्याच वर्षीच्या ग्रँड फायनलमध्ये खेळला, वय २७. अशी उदाहरणं थोडीच आहेत, पण ती दरवाजे कुठे आहेत हे दाखवतात. आणि निवड झाली तरी पहिला करार दोन-तीन वर्षांचा असतो. त्यानंतर यादीतून नाव गेलेल्या मुलाकडे एटार (विद्यापीठ प्रवेशासाठीचा गुणक्रम) आणि पदवीची सुरुवात असणं त्यालाच उपयोगी पडतं. सासऱ्यांना हे सांगितलंत तर रविवारचा फोन थोडा लवकर संपेल.

या आठवड्यात दोन कामं करा. लोकल क्लबच्या कोचना विचारा, जेट्सकडून नेमकं कोण आलं होतं आणि अंडर-१६ च्या पुढे त्याला कुठे खेळवायचा विचार आहे. आणि मुलाला मैदानात नेऊन डाव्या पायाच्या दहा किक मारायला लावा, तुम्ही फक्त त्याच्या हातांकडे बघा. चेंडू कोणता हात सोडतोय ते दिसेल.