पहाटे साडेचारची डर्बी

प्रश्न : फेब्रुवारीत महालक्ष्मीची इंडियन डर्बी पाहिली आणि तेव्हापासून घोड्यांच्या शर्यतींचं वेडच लागलंय. आता मे महिन्यात न्यूमार्केट आणि केंटकी! कधी एकदा गेट उघडतं असं झालंय. टीव्हीवर नेमकं काय पाहायचं? केंटकीच्या जुन्या शर्यती पाहिल्या, तर आघाडीचा घोडा शेवटच्या दोनशे मीटरमध्ये हमखास ढेपाळलेला दिसतो. असं का होतं?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आधी गजर लावून ठेवा. अमेरिकेतली केंटकी डर्बी मेच्या पहिल्या शनिवारी तिथल्या संध्याकाळी सातच्या जरा आधी सुटते. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट, साडेचारचा सुमार. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची टू थाउजंड गिनीज ही शर्यत बहुतेकदा त्याच शनिवारी असते, आपल्या रात्री आठच्या आसपास. ती पाहूनच झोपा.

तुम्ही म्हणता ते शेवटचे दोनशे मीटर म्हणजेच एक फर्लांग (२०१ मीटर), आणि खरी मेख तिथेच आहे. केंटकी डर्बी १० फर्लांगांची. पळणारे सगळे तीन वर्षांचे. त्यातले बहुतेक तोवर नऊ फर्लांगांपुढे कधी पळालेलेच नसतात. वर पाठीवर ५७ किलो. दहावा फर्लांग त्यांना पहिल्यांदाच भेटतो. आपली इंडियन डर्बी २४०० मीटरची असली तरी तिचे घोडे चार वर्षांचे, मुरलेले. तो अनुभव इथे लावू नका.

दुसरं कारण सुरुवातीच्या वेगाचं. शंकरपटात बैलांची जोडी काही सेकंदांत पट संपवते, तिथे दम राखून ठेवायचा प्रश्नच नसतो. इथे दोन मिनिटं काढायची असतात. म्हणून पडद्यावरच्या घड्याळाकडे बघा. पहिले चार फर्लांग ४६ सेकंदांच्या आत गेले, तर पुढच्या घोड्यांची बहुधा धडगत नाही. २०२२ मध्ये पहिले दोन फर्लांग २१.७८ सेकंदांत गेले, पुढचे घोडे दमले आणि ८०-१ भावाचा (एका रुपयाला ऐंशी, म्हणजे कुणी खिजगणतीत न धरलेला) रिच स्ट्राइक मागून येऊन जिंकला. याच्या उलट १९७३ चा सेक्रेटेरिएट. त्याचे दोन-दोन फर्लांगांचे पाच टप्पे सेकंदांत असे : २५.२, २४, २३.८, २३.४, २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा वेगवान! बेरीज १ मिनिट ५९.४ सेकंद, आणि हा विक्रम पन्नास वर्षांनंतरही टिकून होता. हे आकडे समोर ठेवून ती शर्यत पुन्हा बघा, अंगावर काटा येईल.

आणखी एक. महालक्ष्मीला घोडे गवतावर पळतात, केंटकीला मातीवर. मागच्या घोड्याच्या तोंडावर मातीचा मारा होतो. सवय नसलेला घोडा मान वर करतो, पाऊल आखडतं घेतो आणि तिथेच जागा घालवतो. जॉकी एकावर एक असे कितीतरी गॉगल चढवून बसतात. वरचा माखला की खाली ओढायचा, खालचा स्वच्छ असतो. वीसपर्यंत घोडे एकदम सुटतात, त्यामुळे अगदी आतल्या गेटमधला घोडा कठड्याकडे दाबला जाण्याची भीती मोठी. गेट उघडल्यावर आधी त्याच्याकडे बघा.

पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या आवारात, मानेवरच्या साध्या घामाने घाबरू नका, उकाड्यात तो येणारच. मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस आणि सोबत सारखी मान झटकणं दिसलं, तर मात्र त्या घोड्याची ताकद शर्यतीआधीच खर्च होते आहे.

प्रश्न : निकालात ‘लेंग्थ’, ‘नेक’ लिहितात, म्हणजे किती?
— एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

उत्तर : लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण अडीच मीटर. पाच लेंग्थ म्हणजे ढोबळमानाने एक सेकंद. त्याखाली अर्धी लेंग्थ, मग मान म्हणजे नेक, मग डोकं, आणि सगळ्यांत कमी फरक नाकाचा. तो डोळ्यांना दिसत नाही, फोटोवरूनच ठरवतात.