आर या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार प्लॉट (आलेख) एकाच वेळी कसे दिसतील?

प्रश्न: भाऊ, मी बीएस्सी ॲग्रीला आहे, दारव्ह्याकडची. चार गावच्या कपाशीत कामगंध सापळे (मादीच्या वासानं पतंग ओढणारे) लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजले. पण आरमध्ये दुसरा प्लॉट काढला की पहिला गायबच होते. सर म्हणतात स्क्रीनशॉट काढून वर्डमध्ये चिकटव. दुसरा उपाय नाही का?

उत्तर: आहे ना, सरांना राहू दे बाजूला. आर नवीन प्लॉट आला की त्याच खिडकीतला जुना पुसते, आरस्टुडिओत (आर चालवायचा प्रोग्राम) बाण दाबून मागचे दिसतात पण एकेकच. म्हणून प्लॉटच्या आधी पार ही कमांड द्यायची, तिच्या कंसात एमएफरो बरोबर सी, अन् सीच्या कंसात 2 स्वल्पविराम 2, म्हणजे par(mfrow = c(2, 2)). झाल्या दोन ओळी, दोन रकाने. मग चारही प्लॉट पाठोपाठ चालव, आधी वरची ओळ भरते मग खालची. फिगर मार्जिन्स टू लार्ज अशी एरर आली तर प्लॉटची खिडकी ओढून मोठी कर, नाहीतर पारमध्येच मार (mar, म्हणजे प्लॉटभोवतीची मोकळी जागा) कमी कर, त्याचा क्रम खाल, डावी, वर, उजवी.

आता खरी गोम सांगतो. आर प्रत्येक प्लॉटचा उभा अक्ष ज्याच्या त्याच्या आकड्यांवरून ठरवते, त्यामुळं 6 पतंगवालं गाव अन् 40 पतंगवालं गाव, दोन्हीची रेघ सारखीच वर टेकलेली दिसते अन् बाजूबाजूला ठेवून उलट फसगतच होते. चौघांनाही एकच वायलिम (ylim, उभ्या अक्षाची हद्द) दे, 0 पासून चारही गावातल्या सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत. अन् 8 वर एबीलाइननं (abline) लाल आडवी रेघ मार, कारण सलग 3 रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की बोंडअळीनं नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. ही रेघ प्रत्येक प्लॉट झाल्याबरोबर द्यायची बरं का, शेवटी एकदाच दिली तर फक्त चौथ्यातच पडते.

जीजीप्लॉट (ggplot2, आरमधलं प्लॉट काढायचं वेगळं पॅकेज) वापरत असशील तर तो पारला जुमानतच नाही. तिथं तारीख, गाव, पतंग असे तीन रकाने करून फॅसेट रॅपला (facet_wrap, गावागणिक वेगळा प्लॉट मांडणारी कमांड) गाव दे, अक्ष आपोआप सारखे राहतात. मले विचारशील तर हेच बरं.

पारवाल्या प्लॉटची पीडीएफ काढताना आधी पीडीएफ कमांड, मग पार, मग प्लॉट, शेवटी फाइल बंद करणारं डेव्ह डॉट ऑफ, dev.off(). ते राहिलं तर फाइल उघडतच नाही.