बायोकेमिस्ट्रीत कार्बोहायड्रेट, प्रोटीन, लिपिड, न्यूक्लिक ॲसिड सगळं पाठ केलं तरी लक्षात राहत नाही, सुरुवात कुठून करू?

तुम्ही म्हणताय की चारही प्रकारांचे तक्ते पाठ झालेत पण आठ दिवसांत सगळं पुसलं जातं. पहिल्या वर्षाला माझंही अगदी हेच होत होतं. माझं ऐका, तक्ता ठेवा बाजूला, आणि आधी एवढंच बघा की हे छोटे रेणू एकमेकांना जोडले कसे जातात.

मला हे ग्लुकोजमुळे कळलं. स्टार्च ग्लुकोजचंच बनलेलं आणि कापसातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, मग एक पचतं आणि दुसरं का नाही? म्हणून मी वहीत षटकोन काढत बसले. स्टार्चमध्ये सगळे ग्लुकोज एकाच बाजूला तोंड करून जोडलेले असतात, त्यामुळे साखळीला पीळ बसतो आणि ती स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते (आयोडीन टाकल्यावर निळा रंग येतो ना, तो आयोडीन त्या गुंडाळीच्या आत जाऊन बसतं म्हणून). सेल्युलोजमध्ये दर दुसरा ग्लुकोज उलटा, त्यामुळे साखळी सरळ, आणि अशा कितीतरी सरळ साखळ्या शेजारीशेजारी हायड्रोजन बॉन्डने धरून ठेवल्या की झाला ताठ धागा. आपल्या लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम स्टार्चमधला जोड तोडतं, सेल्युलोजमधल्या जोडापुढे त्याचं काही चालत नाही. गाय गवत खाते पण सेल्युलोजचा जोड तिलाही स्वतःला तुटत नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तोडून देतात.

आता गंमत बघा, हा जोड बनताना पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि तोडताना एक पाणी लागतं, प्रोटीन आणि डीएनएच्या साखळ्यांचाही हिशोब हाच. लिपिड (तेल, तूप, चरबी वगैरे) तेवढे वेगळे, त्यांची अशी लांब साखळी बनत नाही, त्यांची ओळख म्हणजे पाण्याशी न पटणं, आणि त्यावरच पेशीचं आवरण उभं आहे.

हे पाण्याशी पटणं न पटणं प्रोटीनमध्ये किती महागात पडतं ते सिकलसेल या रक्ताच्या आजारात दिसतं. प्रोटीन म्हणजे अमिनो ॲसिडची साखळी; हिमोग्लोबिन या प्रोटीनच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो ॲसिड, त्यातलं फक्त सहावं बदलतं, चार्ज असलेल्या ग्लुटामिक ॲसिडच्या जागी तेलकट स्वभावाचं व्हॅलिन येतं. हा बदल शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५७ मध्ये दाखवला. ऑक्सिजन सोडला की तो तेलकट ठिपका शेजारच्या हिमोग्लोबिनमधल्या खाचेत अडकतो, त्याच्यात पुढचा, असे लांब दोरे तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. एका जागेमुळे! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान तसंच उघडं ठेवून कितीतरी वेळ बसले होते.

म्हणून २० अमिनो ॲसिडची नावं घोकण्याआधी त्यांचे तीन गट पाडा, चार्ज असलेली, चार्ज नसूनही पाण्यात रमणारी आणि तेलकट. एखाददुसरं नक्की कुठे टाकायचं यावर अडाल, तेव्हा त्याची साइड चेन (प्रत्येक अमिनो ॲसिडचा वेगळा असणारा भाग) वहीत काढून बघा.