लॅमिनेट फुगलं? आधी खालची ओल बघा

श्रावण लागला की माझ्याकडे एकच तक्रार येते: "लाकडी फरशी फुगली." लॅमिनेट म्हणजे अखंड लाकूड नव्हे. लाकडाचे तंतू राळेसोबत दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाचं छापील चित्र आणि सर्वांत वर पारदर्शक कडक थर. वरून ती दगडासारखी वाटते, पण कडेनं आणि खालून पाणी पिते. या वेळी आलेल्या पत्रांतली काही घेतो.

हॉलच्या मधोमध फरशी उचलली आहे. पाय दिला की दबते, काढला की वर येते. मे महिन्यात बसवली होती. (आर्वी)

बहुधा भिंतीकडेला फट सोडलेली नाही. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशांत फळ्या कडकडीत वाळलेल्या असतात. पावसाळ्यात दमट हवेनं त्या पसरतात, आणि भिंतीला टेकल्या की मधून उचलतात. चारही बाजूंनी 8 ते 10 मिलिमीटर फट हवी. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावलेल्या पट्टीखाली, झाकली जाते. कारागिराला बोलावून स्कर्टिंग काढा आणि कडा छाटून घ्या. फरशी बहुतेक वेळा आपली आपण खाली बसते. जड कपाटाखाली आणि दाराच्या चौकटीपाशी फळ्या अडकल्यात का, तेही त्याला बघायला सांगा.

फुगलेल्या जागी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली तर बसते म्हणतात. खरं का? (दारव्हा)

नाही. फुगलेला गाभा परत बसत नाही, वरचा थर मात्र जातो.

कूलरपाशी चार फळ्यांच्या कडा वर आल्या आहेत. दाबलं तरी हलत नाहीत. (हिंगणघाट)

टणक फुगवटा म्हणजे पाणी मुरलं. त्या फळ्या बदलाव्याच लागतील. क्लिकच्या, म्हणजे एकमेकींच्या खाचेत अडकवलेल्या असतील तर जवळच्या भिंतीकडून एकेक उकलत तिथवर यावं लागतं, म्हणून हे काम बसवणाऱ्याकडूनच करून घ्या. त्याआधी कूलरची नळी आणि टाकीचं बूच तपासा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. कूलरला हात लावण्याआधी प्लग काढा. ओल्या फरशीवर उभं राहून तर अजिबात हात लावू नका.

शेतात नवं घर बांधलं, बाजूला संत्र्याचं ओलीत आहे. सिमेंटचा कोबा होऊन 28 दिवस झाले. मिस्त्री म्हणतात, आता बिनधास्त लॅमिनेट टाका. घरात लग्न आहे. (वरूड)

थांबा. हे 28 दिवसांचं ऐकून ऐकून मी थकलो आहे. 28 दिवस हा सिमेंटच्या ताकदीचा हिशेब आहे, वाळण्याचा नाही. दोन इंच कोबा चांगल्या हवेतही वाळायला साधारण दोन महिने घेतो, पावसाळ्यात त्याहून जास्त.

शिवाय तुमचं घर काळ्या मातीवर आहे. ही माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जोत्याखाली मुरमाचं भरण नीट नसेल आणि ओल अडवणारा थर नसेल, तर ओल हळूहळू वर चढत राहते. उघड्या कोब्यावर ती दिसत नाही, कारण हवेत उडून जाते. वरून फळ्या टाकल्या की कोंडते. अशाच एका घरात मी फळ्या उचलल्या होत्या. खाली ओल अडवणारं प्लास्टिक नव्हतंच, फळ्यांखाली अंथरतात तो नुसता फोम होता. तो पिळला तर बोटांतून पाणी गळलं, फळ्यांची पाठ बुरशीनं काळी पडली होती आणि कोब्यावर पांढरा लोणा फुटलेला होता. वर फुगवटे किती? फक्त दोन. घरधनी ते दोनच बदलून मागत होते.

म्हणून दीड फूट लांब-रुंद प्लास्टिक घ्या, चारही कडा कोब्याला टेपनं घट्ट चिकटवा आणि 24 तास तसंच ठेवा. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट झाला, तर काम पुढे ढकला. एका जागी बघून भागत नाही. ओलिताकडच्या भिंतीशी आणि न्हाणीशेजारीही लावा. मे महिन्यात कोरडं निघालं तर त्यावर विसंबू नका. प्लास्टिक कोरडं निघालं तरी एकदा इंजिनिअरला ओल मोजण्याच्या यंत्रानं तपासायला सांगा. जोत्यातच दोष असेल तर आधी तो काढावा लागेल. लग्न सतरंजीवर होतं, भाऊ. फरशी दिवाळीनंतर टाका.

दुकानदार "शंभर टक्के वॉटरप्रूफ" म्हणतो. घ्यावं का? (उमरेड)

तो शब्द बिलावर लिहून मागा. बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो, की वर सांडलेलं पाणी काही तास टिकतं, तेही सांधे घट्ट असतील तर. खालून येणारी ओल हमीत बहुधा बसतच नाही. हमीपत्र पूर्ण वाचा, आणि फोमखाली प्लास्टिकचा थर दरात धरलाय का ते विचारा. दर कमी दाखवायला सर्वांत आधी तोच गाळतात.

रोज पोछा मारला तर चालेल? (समुद्रपूर)

घट्ट पिळून. बादली ओतून नाही.

आमचा लाकडाच्या डिझाइनचा रोल चिकटवलेला आहे. त्यात फोड आलेत. (चिखली)

ते लॅमिनेट नाही, व्हिनाईल आहे. एखादाच लहान फोड असेल तर बारीक सुईनं टोचून हवा काढतात, सिरिंजनं गोंद सोडतात आणि एक दिवस वजन ठेवतात. फोड जास्त असतील किंवा पुन्हा येत असतील, तर टोचत बसू नका. मिस्त्रीला बोलावून एक कोपरा उचला आणि खालचा कोबा हाताला ओला लागतो का बघा.