उंदरांवर काम करून पेशंटचं काय भलं होणार?

प्रश्न : नमस्कार मॅडम, माझी मुलगी अमेरिकेत पीएचडी करतेय, विषय फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा आजार, पल्मनरी हायपरटेन्शन. गावी लग्नाकार्याला गेलं की सगळे विचारतात, डॉक्टर होणार ना मग पेशंट का नाही बघत, उंदरांवर किती वर्षं काढणार. मला नीट सांगता येत नाही, खरं तर ती दिवसभर काय करते ते मलाही कळत नाही. आणि बीपी तर दंडाला पट्टा बांधून कळतं, मग हे वेगळं प्रेशर कुठलं? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी प्रेशरचं सांगते. दंडाला पट्टा बांधून मोजतात ते हृदयाच्या डाव्या बाजूने अंगभर जाणाऱ्या रक्ताचं. उजवी बाजू रक्त फक्त फुफ्फुसात पाठवते, तिथलं सरासरी प्रेशर जेमतेम 14 च्या आसपास असतं आणि 20 च्या वर गेलं की गडबड समजायची. म्हणजे दंडावर 110/70 असा छान आकडा आणि फुफ्फुसात 50, असं खुशाल असू शकतं. उजव्या कप्प्याची भिंत पातळ, तिला एवढा जोर लावायची सवय नसते, मग ती जाड होते, पुढे ताणते, थकते, आणि पेशंटला दम लागतो, पाय सुजतात, चक्कर येते. यात तरुण बायका बऱ्याच असतात आणि त्यांना रक्त कमी आहे, टेन्शन घेतेस, दमा असेल असं सांगत महिनेच्या महिने जातात, याचा मला खरंच राग येतो.

आता मुलगी काय करते. तिच्या लॅबचं मला माहीत नाही पण या विषयात खूप ठिकाणी चालतं ते असं: उंदराला सुजेन नावाच्या औषधाचं इंजेक्शन देतात, तीन आठवडे अशा पेटीत ठेवतात जिथे ऑक्सिजन फक्त 10 टक्के (आपल्या हवेत 21), मग साध्या हवेत आणतात, तरी आजार वाढतच जातो, माणसात वाढतो तसाच. शेवटी बारीक नळी उजव्या कप्प्यात घालून प्रेशर मोजायचं, मग हृदय काढून उजवी भिंत अलगद कापून वेगळी करायची, तिचं वजन वेगळं, डाव्या भागाचं मधल्या पडद्यासकट वेगळं, सगळं मिलिग्रॅममध्ये. उजवी भिंत जेवढी जड तेवढा आजार जास्त. नवीन औषध दिलेल्या उंदरात ती हलकी निघाली तर आशा. जीव घ्यावा लागतो त्यात, मुलीला ते सोपं जात नसणार, कधी फोनवर गप्प वाटली तर समजून घ्या.

उपयोगाचं म्हणाल तर 1980 च्या दशकात अमेरिकेत या पेशंटच्या नोंदी ठेवल्या तेव्हा निदान झाल्यावर निम्मे लोक तीन वर्षंही जगले नव्हते, खास या आजारासाठी औषधच नव्हतं. प्रोस्टासायक्लिन जॉन व्हेन आणि साल्वादोर मोंकादा यांच्या टीमने 1976 मध्ये शोधलं, औषध म्हणून मंजुरी मिळाली 1995 ला. पण ते मुख्यतः रक्तवाहिन्या सैल करतं, आणि इथे तर भिंतीच्या पेशी वाढत वाढत आतली वाट बंद करतात. 2000 साली दोन टीमना काही कुटुंबांत बीएमपीआर-2 या जीनमध्ये दोष सापडला, हा जीन म्हणजे पेशींच्या वाढीचा ब्रेक. ब्रेक ढिला असेल तर ॲक्सिलरेटर तरी कमी करा, या विचारातून सोटाटरसेप्ट हे औषध या आजारासाठी पुढे आलं, जे आधी हाडांसाठी आणि ॲनिमियासाठी तपासलं जात होतं. आधी उंदरांत, मग माणसांत. 323 पेशंट, आधीची औषधं चालू असलेले, त्यातल्या ज्यांना हे दिलं ते 24 आठवड्यांनी सहा मिनिटांत साधारण 40 मीटर जास्त चालले, म्हणजे ज्यांना ते दिलं नाही त्यांच्यापेक्षा. अंघोळ करताना मधेच बसावं लागतं अशा बाईला विचारा 40 मीटर म्हणजे काय. मार्च 2024 ला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आजार मुळासकट जात नाही अजून, पण जीन सापडल्यापासून इथवर यायला 24 वर्षं लागली आणि ती तुमच्या मुलीसारख्या लोकांनी लॅबमध्ये काढली. लग्नात हेच सांगा, आणि मान वर करून सांगा.

प्रश्न : माझी वहिनी 34 वर्षांची, जिना चढताना दम लागतो, इकोमध्ये फुफ्फुसाचं प्रेशर 48 आलंय. डॉक्टर हृदयात नळी घालून तपासणी करू म्हणतात, घरचे नको म्हणतात. – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : करून घ्या. इकोचा आकडा अंदाजाचा असतो, आणि दोष फुफ्फुसातल्या वाहिन्यांत आहे की हृदयाच्या डाव्या बाजूला ते नळीनेच पक्कं कळतं. आपल्याकडे लहानपणच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप हे कारण अजून बरंच दिसतं, तिथे झडपेचा इलाज करावा लागतो, वाहिन्या सैल करायच्या गोळ्या दिल्या तर उलट फुफ्फुसात पाणी भरू शकतं. जुन्या गुठळ्यांसाठी स्कॅनही विचारा, कारण त्यातल्या काही ऑपरेशनने काढता येतात. नळीची भीती नको, 1929 मध्ये वेर्नर फोर्समान या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या दंडातून हृदयापर्यंत घातली आणि चालत एक्स-रेला गेला, पुढे 1956 चं नोबेल मिळालं. आता बहुतेक वेळा जागा बधिर करून पेशंट जागा असतानाच होते. एक मात्र नक्की, निदान होईपर्यंत मुलाचं प्लॅनिंग थांबवा, या आजारात गरोदरपण जिवावर बेतू शकतं. आणि वजन कमी करायच्या गोळ्या कधी घेतल्या असतील तर न लाजता डॉक्टरांना सांगा, 1960 च्या दशकात स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, पश्चिम जर्मनीत ॲमिनोरेक्स नावाच्या अशाच गोळीने हा आजार एकदम वाढला होता.